कादंबरीकाराचे घर



टॉलस्टॉय हे नाव घेतले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ऋषी उभा राहतो. छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अंगात शेतकऱ्याचा सैल सदरा, कमरेला पट्टा आणि भुवयांच्या खालून आपल्याकडे रोखलेली करडी नजर. गांधीजींनी १९१० साली दक्षिण आफ्रिकेत जो आश्रम उभारला, त्याचे नाव ‘टॉलस्टॉय फार्म’ होते. त्यामुळे टॉलस्टॉय आपल्याकडे आला तो साधू म्हणून आला. मी आज बोलणार आहे ते या साधूविषयी नव्हे, तर संसारी टॉलस्टॉयविषयी. तेरा मुलांचा बाप, अठ्ठेचाळीस वर्षे एकाच बायकोबरोबर नांदलेला नवरा, आणि ज्याच्या घरात नेहमी कोणी ना कोणी जन्माला येत होते, कोणी आजारी पडत होते, कोणी रुसून खोलीचे दार लावून घेत होते, असा एक गृहस्थ. कारण त्याच्या थोर कादंबऱ्या त्या दाढीवाल्या ऋषीने लिहिलेल्या नाहीत. त्या या गृहस्थाने लिहिल्या आहेत.

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. “काय हो, त्या गोष्टीतली ती थोरली जाऊ म्हणजे तुमच्याच घरातली ना?” लेखक बिचारा हसून वेळ मारून नेतो. घरातली मंडळी मात्र हसत नाहीत. ती पुस्तक उघडतात आणि आपापले नाव शोधू लागतात. नाव सापडले नाही तर आपली साडी, आपला खोकला, आपले एखादे बोलणे शोधतात. आणि ते सापडले, की मग त्या घरात काही दिवस जेवणाच्या पानावर जरा शांतता असते.

घर कादंबरीला काय देते, आणि कादंबरी घराकडून काय काय वसूल करते, हा हिशेब जगात फार थोड्या घरांविषयी मांडता येतो. कारण बहुतेक घरे बोलत नाहीत. टॉलस्टॉयचे घर मात्र बोलके होते. तिथे नवरा डायरी लिहीत होता, बायको डायरी लिहीत होती, मेहुणीने आठवणी लिहिल्या, मुलांनी आठवणी लिहिल्या. त्यामुळे आपल्याला या घराच्या दिवाणखान्यात, बाळंतिणीच्या खोलीत आणि लिहिण्याच्या टेबलापाशी, तिन्ही ठिकाणी जाता येते.

आरंभ एका उणिवेपासून झाला, हे प्रथम सांगितले पाहिजे. टॉलस्टॉयचा जन्म १८२८ साली यास्नाया पोल्याना या वडिलार्जित जहागिरीत झाला. हे गाव मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारे दोनशे किलोमीटरवर, तूला शहराजवळ आहे. तो पुरता दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा, १८३० साली, त्याची आई वारली. वडील गेले ते १८३७ साली, हा नऊ वर्षांचा होण्याच्या सुमारास. आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता, आणि तो दाखवील असे तिचे मोठेपणीचे चित्रही घरात नव्हते. पुढे त्याने लिहून ठेवले आहे की, चित्र नाही हे एका परीने बरेच झाले. त्यामुळे आई म्हणजे निव्वळ तिचे मन, एवढेच माझ्यापाशी उरले.

आता बघा. हाच माणूस १८५२ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ‘बालपण’ नावाचे आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध करतो आणि त्यात एक आई उभी करतो. तिचे हसू, तिचा हात, मुलाच्या केसांतून फिरणारी तिची बोटे. न पाहिलेली आई! ज्याला आई आठवते तो तिचे वर्णन करतो. ज्याला आठवत नाही त्याला ती घडवावी लागते. घरातले जे माणूस अंगणात दिसत नाही, तेच कधी कधी कागदावर सर्वांत जास्त जागा व्यापून बसते. आणि ही भूक त्याची लेखणीने भागली असे समजू नका. १९०६ साली, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी, हा नातवंडांचा आजोबा एका कागदावर आईला हाक मारतो आहे; लहान होऊन तिच्या कुशीत शिरावे, असे त्याला वाटते आहे.

आईविना वाढलेल्या या पोरांना सांभाळले ते तात्याना येर्गोल्स्काया नावाच्या एका दूरच्या नात्यातल्या आत्याने. ही बाई गरीब, आश्रित म्हणून याच कुटुंबात वाढलेली. तिचे टॉलस्टॉयच्या वडिलांवर प्रेम होते. वडिलांचेही तिच्यावर असावे. परंतु टॉलस्टॉय घराण्याची दौलत आजोबांनी उधळून टाकलेली. घर सावरायचे तर श्रीमंत घरची सून हवी. तेव्हा या बाईने स्वतः बाजूला होऊन वाट मोकळी करून दिली. वडिलांनी वोल्कॉन्स्की घराण्यातल्या मारिया नावाच्या राजकन्येशी लग्न केले. मारिया त्यांच्याहून वयाने चार वर्षांनी मोठी, रूपाने बेताची, परंतु मनाने मोठी आणि भल्या थोरल्या इस्टेटीची वारस. पुढे ती वारल्यावर वडिलांनी येर्गोल्स्कायाला लग्नाचे विचारले, तेव्हा तिने नकार दिला. मुलांना आईची माया मात्र जन्मभर दिली.

ज्यांनी ‘युद्ध आणि शांती’ वाचली असेल त्यांच्या ध्यानात एव्हाना सगळा प्रकार आला असेल. निकोलाय रोस्तोव्ह हा कर्जात बुडालेल्या उमद्या घरातला मुलगा. त्याच घरात आश्रित म्हणून वाढलेली सोन्या त्याच्यावर जीव टाकते. परंतु अखेर निकोलायचे लग्न होते ते श्रीमंत, रूपाने साधी, पण तेजस्वी डोळ्यांच्या राजकन्या मारियाशी. टॉलस्टॉयच्या वडिलांचे नाव निकोलाय, आईचे नाव मारिया, उधळ्या आजोबांचे नाव इल्या. कादंबरीतही ती तशीच्या तशी. आईचे वडील, म्हणजे मुलीला स्वतः भूमिती शिकवणारे शिस्तीचे जुने सेनापती वोल्कॉन्स्की, हे कादंबरीत बोल्कॉन्स्की झाले. एक अक्षर तेवढे बदलले! ज्या पुस्तकात नेपोलियनच्या स्वारीचे एवढे मोठे रामायण आहे, त्याच्या मुळाशी, म्हणा ना, लेखकाच्या आईबापांचे लग्न कसे जमले हा घरगुती प्रश्न आहे. आपले आईबाप आपल्याला कधी तरुण दिसत नाहीत. टॉलस्टॉयने त्यांना तरुण केले आणि त्यांच्या लग्नाला स्वतः हजर राहिला.

एवढ्यावरून मात्र कोणी असे समजू नये की, घरातली माणसे उचलावी आणि पुस्तकात बसवावी, एवढेच हे काम आहे. नताशाचे उदाहरण घेऊ. टॉलस्टॉयची धाकटी मेहुणी तात्याना, घरातली तान्या, ही लग्नानंतर बहिणीकडे वारंवार राहायला येई. गोड गळ्याची, अवखळ, क्षणात रडणारी आणि क्षणात नाचणारी मुलगी. १८६३ साली तिचा अनातोल नावाचा एक देखणा नातेवाईक पाहुणा म्हणून आला आणि तिच्याभोवती घोटाळू लागला. तेव्हा घरच्यांनी त्याची गाडी जोडून त्याला वाटेला लावले. पुढे या तान्याचे मन टॉलस्टॉयच्या थोरल्या भावावर, सर्गेयवर, बसले. पण सर्गेयचा एका जिप्सी स्त्रीशी घरोबा होता, मुलेबाळे होती. अखेर १८६५ साली ते लग्न मोडले. मुलीच्या मनावर फार मोठा आघात झाला. आता कादंबरीत काय झाले आहे पाहा. नताशाला भुरळ घालणाऱ्या तरुणाचे नाव अनातोल, आणि त्याचे लग्न आधीच गुपचूप झालेले! दोन वेगवेगळी दुःखे, एक पाहुण्याकडून आलेले आणि एक घरातल्याच माणसाकडून आलेले, लेखकाने एकत्र करून एकाच माणसाच्या माथी मारली आहेत. नताशा कशी तयार झाली हे सांगताना तो गमतीने म्हणत असे की, तान्याला घेतले, तिला माझ्या बायकोबरोबर खलबत्त्यात कुटले आणि त्यातून ही मुलगी निघाली. खलबत्त्यात कुटले! स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांना याचा अर्थ चांगला कळेल. मसाला कुटल्यावर त्यात धने किती आणि मिरी किती हे वास घेऊन सांगता येते. पण ते वेगळे काढून दाखवता येत नाहीत.

याच कादंबरीतला आंद्रेय हा कोण, असे एका नातलग बाईने त्याला विचारले होते. त्याने उत्तर पाठवले, त्याचा आशय असा की, तो कोणीच नव्हे. एखाद्याचे हुबेहूब चित्र काढणे एवढेच जर माझे काम असते, तर मला छापायची लाज वाटली असती.

मग घराने नक्की काय दिले? माझ्या मते घराने माणसे दिली, प्रसंग दिले, पण त्याहून मोठी गोष्ट दिली ती म्हणजे मापे. आयुष्यात काय मोठे आणि काय लहान, हे मोजण्याची मापे. त्याच कादंबरीच्या अखेरीस एक प्रसंग आहे. नेपोलियन येऊन गेला, मॉस्को जळले, हजारो माणसे मेली. आणि आता नताशा, चार मुलांची आई झालेली नताशा, केस विसकटलेल्या अवस्थेत धावत बाहेर येते आणि बाळाचा लंगोट सगळ्यांना दाखवते. कारण आज त्यावरचा डाग हिरवा नाही, पिवळा आहे! बाळाचे पोट सुधारले! किती समीक्षकांनी नाके मुरडली असतील या लंगोटापायी. पण ज्या घरात आजारी मूल आहे, त्या घरात त्या दिवशी त्या डागाहून मोठी बातमी जगात नसते. हे पुस्तक १८६३ ते १८६९ या काळात लिहिले गेले. त्या सहा वर्षांत लेखकाच्या घरी चार मुले झाली. तो लंगोट इतिहासाच्या ग्रंथांतून आलेला नाही.

आता या घराच्या गृहिणीकडे वळू. सोफिया बेर्स ही मॉस्कोच्या क्रेमलिनमधील राजवैद्यांची मुलगी. १८६२ च्या सप्टेंबरात तिचे लग्न झाले तेव्हा ती अठरा वर्षांची, नवरा चौतीस वर्षांचा. तीही लिहिणारी होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लग्नाआधी तिने एक गोष्ट लिहिली होती. तिच्यात रूपाने सामान्य आणि मतांनी चंचल असा एक सरदार होता. टॉलस्टॉयने ती वाचली, त्यात स्वतःला ओळखले आणि ते त्याला चांगलेच झोंबले. म्हणजे या घरात दुसऱ्याला पात्र करण्याचा पहिला मान पत्नीकडे जातो. पण लग्नाआधी तिने ती गोष्ट जाळून टाकली. नवऱ्याची पाने मात्र तिने जन्मभर जपून ठेवली.

लग्नापूर्वी टॉलस्टॉयने तिच्या हाती आपल्या डायऱ्या दिल्या. आपल्यात काही लपलेले असू नये, हा हेतू. त्या डायऱ्यांत त्याच्या तारुण्यातले सगळे होते: जुगार, बाया, आणि जहागिरीतल्याच एका शेतकरी स्त्रीशी असलेला संबंध. तिला त्याच्यापासून झालेला मुलगाही होता. अठरा वर्षांच्या मुलीने रात्र जागून हे वाचले आणि ती रडली. हाच प्रसंग ‘अॅना कॅरेनिना’मध्ये आहे. लेव्हिन आपली वही किटीला देतो, ती रडते, क्षमा करते, आणि प्रकरण मिटते. खडूने मेजावर शब्दांची केवळ आद्याक्षरे लिहून मागणी घालण्याचा प्रकार, लग्नाच्या वेळी सदरा सामानात बांधला गेल्याने नवरदेवाला झालेला उशीर, हे सगळेही टॉलस्टॉयच्या स्वतःच्या लग्नातले आहे. कादंबरी वाचताना आपण हसतो, आपल्याला ते जोडपे आवडते.

पण घरातली वही मिटली नाही. ती शेतकरीण गावातच राहत होती. लग्नाच्याच वर्षी घरकामाला आलेली ती बाई सोफियाने पाहिली आणि तिच्या डायरीत संताप उतरला. पुढे १८८९ साली टॉलस्टॉयने ‘सैतान’ नावाची एक गोष्ट लिहिली. लग्न झालेला एक जमीनदार, आणि गावातल्या एका स्त्रीची त्याला पुन्हा लागलेली ओढ, असा तिचा विषय. ती बायकोच्या हाती पडू नये म्हणून त्याने हस्तलिखित एका खुर्चीच्या गादीत दडवले. वीस वर्षांनी, १९०९ साली, ते सोफियाला सापडलेच. तोवर ती पासष्टीला आली होती. जुनी जखम पुन्हा वाहू लागली. लेव्हिनची किटी एका पानात क्षमा करते. खऱ्या किटीला सत्तेचाळीस वर्षे पुरली नाहीत.

तरीही लग्नानंतरची पहिली पंधरा वर्षे ही या घराची भाग्याची वर्षे. ‘युद्ध आणि शांती’ आणि ‘अॅना कॅरेनिना’ या दोन्ही याच काळातल्या. दिवसा तो लिहायचा. खाडाखोडीने, बाणांनी, समासातल्या मजकुराने ती पाने अशी भरून जायची की, दुसऱ्याला वाचता येऊ नयेत. रात्री मुले निजली, घरातली आवराआवर झाली की सोफिया मेणबत्तीच्या उजेडात ती पाने स्वच्छ उतरून काढायची. दुसऱ्या दिवशी तो त्या स्वच्छ पानांवर पुन्हा खाडाखोड करायचा. असे किती वेळा चालले असेल! पोटात एक मूल, पाळण्यात एक, आणि हातात लेखणी. ‘घराचा लेखकाच्या लेखनावर परिणाम’ असे आपण म्हणतो ते फार मोठे शब्द झाले. त्याचा सगळ्यात साधा अर्थ हा, की घरातले कोणी तरी जागे होते.

‘अॅना कॅरेनिना’ १८७३ साली लिहायला घेतली. त्याआधी वर्षभर, १८७२ च्या जानेवारीत, जवळच्या एका स्टेशनात शेजारच्या जमीनदाराकडे राहणाऱ्या अॅना नावाच्या स्त्रीने आगगाडीखाली जीव दिला होता, आणि टॉलस्टॉय स्वतः ते प्रेत पाहून आला होता. अॅनाच्या शेवटाचे बीज ते. पण कादंबरीचे शरीर घरात पोसले गेले. त्याची बहीण मारिया हिने बाहेरख्याली नवऱ्याला सोडले होते. पुढे परदेशात एका स्वीडिश सरदारापासून तिला मुलगी झाली, आणि ती लपवीत तिने वर्षे काढली. समाजाने वाळीत टाकलेली सरदारकन्या कशी झुरते, हे भावाला पुस्तकात वाचावे लागले नाही.

आणि याच काळात त्या घरात मृत्यू येऊन बसला. १८७३ च्या नोव्हेंबरात दीड वर्षाचा पेत्या घशाच्या रोगाने गेला. १८७४ च्या उन्हाळ्यात म्हातारी येर्गोल्स्काया आत्या गेली. १८७५ च्या फेब्रुवारीत दहा महिन्यांचा निकोलाय गेला. नोव्हेंबरात एक मुलगी जन्मली तीही लगोलग गेली. डिसेंबरात दुसरी आत्या गेली. सव्वादोन वर्षे पुरी होण्याच्या आत पाच तिरड्या. आता कादंबरीतली डॉली पाहा. नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाने पोळलेली, मुलांच्या खस्तांनी वाळून गेलेली, ठिगळे लावून कपडे घालणारी डॉली. ती एकदा गाडीतून एकटीच प्रवासाला निघते. घरात तिला विचार करायला वेळ नसतो. गाडीत तो मिळतो. बाळंतपणे, दुभंगलेल्या स्तनांच्या वेदना, दुखणी. आणि मग शेवटचे बाळ आठवते, घशाच्या रोगाने गेलेले, ती छोटीशी गुलाबी शवपेटी, ते एवढेसे कपाळ. पेत्या ज्या रोगाने गेला तोच रोग, तेच दुःख. हे पान लिहिले टॉलस्टॉयने. पण ते ज्या घरात लिहिले गेले त्या घराच्या आईने ते स्वतःच्या हाताने उतरून काढले. त्या रात्री मेणबत्तीपाशी काय झाले असेल याची कल्पना मी आपल्यावर सोपवतो.

या कादंबरीतला आणखी एक मृत्यू सांगतो. कारण घर आणि कादंबरी यांचे सगळे नाते मला त्यात दिसते. लेव्हिनचा भाऊ निकोलाय क्षयाने मरतो. खानावळीतली कळकट खोली, वेश्यावस्तीतून सोडवून आणलेली त्याची सोबतीण, खोकला, घाम. संबंध कादंबरीत एकाच प्रकरणाला नाव दिलेले आहे, आणि ते आहे ‘मृत्यू’. टॉलस्टॉयचा भाऊ द्मित्री असाच, १८५६ साली, ओर्योल शहरात क्षयाने गेला. त्याच्याजवळही अशीच सोडवून आणलेली एक स्त्री होती. पण फरक कुठे आहे? कादंबरीतला लेव्हिन अखेरपर्यंत भावाच्या उशाशी थांबतो, आणि त्याची तरुण बायको बाह्या सावरून रोग्याची सेवा करते, खोली झाडून घेते, अंथरूण बदलते. प्रत्यक्षात टॉलस्टॉय थांबला नाही. तेव्हा त्याचे लग्नही झालेले नव्हते. तो भावाला भेटला, थोडाच वेळ राहिला आणि पीटर्सबर्गला निघून गेला. भाऊ मागाहून वारला. आपण तेव्हा स्वतःतच किती गुंतलो होतो, याची कबुली त्याने म्हातारपणी दिली आहे. पुढे १८६० साली थोरला भाऊ निकोलाय फ्रान्समध्ये क्षयाने गेला, तेव्हा मात्र तो जवळ होता. कादंबरीत त्याने दोन्ही मरणे एकत्र केली, थोरल्या भावाचे नाव धाकट्याच्या दैन्याला दिले, आणि जिथे आपण थांबायला हवे होते तिथे वीस वर्षांनी जाऊन थांबला. इतकेच नव्हे, तर बायकोलाही बरोबर घेऊन गेला. आपण घरात ज्या चुका करतो त्या दुरुस्त करायला सहसा दुसरी संधी नसते. कादंबरीकार ती कागदावर मिळवतो. त्याने भाऊ परत येत नाही, हे खरे. पण वाचणारा एखादा माणूस त्या दिवशी आपल्या आजारी भावाची गाडी चुकवत नाही, एवढे तरी होते.

इथवर घराने दिले आणि कादंबरीने घेतले. आता उलट बाजू. १८८० च्या सुमारास टॉलस्टॉयच्या मनात मोठे परिवर्तन झाले. मालमत्ता पाप, चैन पाप, आणि पुढे पुढे तर संसारही पाप वाटू लागला. तत्त्वज्ञ असे बोलला की आपण माना डोलावतो. पण ज्या बाईच्या पदरी इतकी मुले आहेत, तिने हे कसे ऐकावे? आणि गंमत अशी की, संसार हे बंधन, असे म्हणणाऱ्याच्या घरी १८८८ साली तेरावे मूल जन्मले. पुढल्याच वर्षी ‘क्रॉइट्झर सोनाटा’ लिहून झाली. तिच्यात मत्सराने बायकोला भोसकून मारणारा नवरा आगगाडीत एका प्रवाशाला आपली कहाणी सांगतो, आणि विवाहसंस्थेवरच कोरडे ओढतो. सगळी रशिया ती हस्तलिखितातून वाचू लागली, आणि लोक सोफियाकडे पाहू लागले. ही कथा सरकारने छापू दिली नाही. तेव्हा १८९१ साली सोफिया स्वतः पीटर्सबर्गला गेली, सम्राट तिसऱ्या अलेक्झांडरला भेटली आणि समग्र ग्रंथांच्या एका भागात ती छापण्याची परवानगी घेऊन आली! जिने अपमान सोसला तिनेच तो छापायची परवानगी आणली. एक कारण पैशाचे, घर चालवायचे होते. दुसरे कारण मानाचे. ज्या बाईवर ही गोष्ट बेतली असे लोक म्हणतात, ती बाई गोष्ट दडपीत नाही, हे तिला जगाला दाखवायचे होते.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. तिने उत्तरादाखल स्वतः एक कादंबरी लिहिली. नाव ‘दोष कोणाचा?’ नायिकेचे नावही तिने अॅनाच ठेवले. भोळी मुलगी, पूर्वायुष्याचे डाग घेऊन आलेला नवरा, त्याचा मत्सर आणि शेवटी खून. गोष्ट तीच, पण सांगणारी खुर्ची बदललेली. मुलगा लेव्ह यानेही १८९८ साली बापाच्या कथेला उत्तर म्हणून एक कथा लिहिली. एका जेवणाच्या मेजाभोवती बसणारी माणसे एकमेकांना कथांतून उत्तरे देऊ लागली! मुलाची कथा छापली गेली. आईची मात्र पेटीतच राहिली. ती रशियात प्रसिद्ध झाली १९९४ साली, लिहिल्यावर सुमारे शंभर वर्षांनी. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कवीच्या घराची दुसरी बाजू आपल्याला कळते, आणि ती बाजू हसतखेळत सांगण्याचे मोठे मन त्या बाईंपाशी होते. सोफियाच्या वाट्याला ते हसू आले नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. १८९५ साली सर्वांत धाकटा, सगळ्यांचा लाडका वान्या सात वर्षांचा होण्याआधीच गेला, आणि नवराबायकोंना सांधणारा शेवटचा धागा तुटला. मृत्युपत्रावरून, डायऱ्यांवरून, ग्रंथांच्या हक्कांवरून भांडणे पेटली. १९१० च्या ऑक्टोबरात, रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे अठ्ठाविसाव्या तारखेला, ब्याऐंशी वर्षांचा टॉलस्टॉय पहाटेच्या अंधारात घर सोडून गेला. आस्तापोवो नावाच्या लहानशा स्टेशनात, स्टेशनमास्तरच्या घरात तो आजारी अवस्थेत राहिला आणि तिथेच ७ नोव्हेंबरला वारला. सोफिया तिथे पोहोचली होती. पण त्याची शुद्ध जवळजवळ हरपेपर्यंत तिला आत घेतले गेले नाही. खिडकीशी उभे राहून आत डोकावणारी म्हातारी सोफिया त्या वेळच्या चित्रफितीत आजही दिसते. जिने त्याच्या घराची सगळी खिडक्यादारे जन्मभर उघडली आणि लावली, तिच्या वाट्याला शेवटी बाहेरची बाजू आली.

यावर निवाडा काय द्यावा? कोणी म्हणेल, एवढ्या थोर कादंबऱ्या मिळाल्या, मग एका घराचे काय घेऊन बसलात? कोणी म्हणेल, घर मोडून लिहिलेली कादंबरी जळो. मला दोन्ही मते घाईची वाटतात. एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. टॉलस्टॉयची जी पुस्तके आपण पुन्हा पुन्हा काढून वाचतो, ती त्याने घरावर रागावून लिहिलेली नाहीत. घरात बसून, पोरांच्या गोंगाटात, घराकडे टक लावून पाहत लिहिलेली आहेत. तो जोवर घर पाहत होता तोवर त्याला डॉलीही दिसत होती आणि डॉलीचा बेजबाबदार नवराही दिसत होता, आणि तो दोघांनाही न्याय देत होता. ज्या दिवशी तो घराचा न्यायाधीश झाला, त्या दिवशी त्याला एकाच माणसाचा आवाज ऐकू येऊ लागला. ‘क्रॉइट्झर सोनाटा’ प्रभावी आहे, यात शंका नाही. पण तिच्यात बोलतो तो नवरा, आणि बायकोला बोलायला जागाच नाही. ती जागा शंभर वर्षे एका पेटीत बंद होती.

म्हणून ज्यांच्या घरात कोणी लिहिणारे असेल, त्यांना मी एवढेच सांगेन की, पुस्तकात स्वतःला फार शोधू नका. तुम्ही तिथे असाल, पण खलबत्त्यातून निघालेले असाल. आणि जे लिहितात त्यांना सांगावेसे वाटते की, घरातून हवे ते घ्या, पण घरातल्या दुसऱ्या माणसाला जे म्हणायचे आहे तेही लिहून काढण्याइतकी शाई दौतीत ठेवा. न्याय म्हणून तर ठेवाच. पण कादंबरी चांगली व्हायची असेल तरीही ठेवा.

टॉलस्टॉय लहान असताना त्याचा थोरला भाऊ निकोलाय भावंडांना सांगत असे की, आपल्या रानात एका घळीच्या काठाशी एक हिरवी काठी पुरलेली आहे. सगळी माणसे सुखी कशी होतील याचे गुपित तिच्यावर कोरलेले आहे. मोठेपणी त्याने जगाला पुष्कळ उपदेश केला, पण पुरायला सांगितले ते त्या काठीच्या जागी. यास्नाया पोल्यानाच्या रानात आज त्या ठिकाणी गवताने झाकलेला एक उंचवटा आहे. वर दगड नाही, क्रूस नाही, नाव नाही. घरातून निघून गेलेला म्हातारा शेवटी घराच्या रानातच, भावाने सांगितलेल्या गोष्टीत जाऊन निजला आहे.